टाकलेली तलंग

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मथुरेला सवत आली, आणि ती सवत म्हणजे एक कोंबडी होती. ऐकणाऱ्याला हसू येईल. वाडीतल्या बायकांना आलंच. पण मथुरेला विचाराल तर त्या दहा-अकरा दिवसांत तिच्या छातीत जे काही जळत होतं ते हसण्यासारखं मुळीच नव्हतं. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असती तर चार माणसं गोळा करून भांडता तरी आलं असतं. कोंबडीशी भांडणार कसं?

मथुरेचं घर जयगडच्या खाडीवर, चढणीच्या वाडीत. पुढे अंगण, अंगणाला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, मागे चार माड आणि काजूची सात झाडं. मार्च महिन्यातल्या एका सकाळी ती मागच्या पडवीत हाताला खोबरेल चोपडून ओल्या काजूचे गर काढत बसली होती. तेवढ्यात गडग्याकडून कोंबड्यांचा कालवा उठला. धावत जाऊन बघते तर मुंगसाने एका तलंगेला पाठीला धरलेलं. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. ही काळ्यावर पांढरे ठिपके असलेली, येत्या पावसाळ्यात अंडी घालेल असा मथुरेचा हिशेब होता. तिने हातातली करवंटी नेमकी मारली. मुंगूस तलंगेला सोडून गडग्याच्या भोकात सटकलं.

मथुरा व्यवहारी बाई. तिने तलंगेला पायाला धरून उचललं आणि उलटीसुलटी करून पाहिलं. पाठीचं कातडं चार बोटं फाटून लोंबत होतं, एक पंख खाली पडला होता, डोळे अर्धे मिटलेले.

"ही काय जगत नाय," ती म्हणाली. "मुंगसाच्या तोंडातली, खायच्या पण उपयोगाची नाय. टाका हिला माडाखाली."

हे ती आत्मारामला म्हणाली. आत्माराम तिचा नवरा. छत्तीस वर्षं तो बोटीवर होता, खलाशी म्हणून चढला आणि सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम होऊन, उतरला. गेली सहा वर्षं तो घरी होता आणि घरी असणं म्हणजे पुढच्या पडवीतल्या खुर्चीत बसून खाडीतल्या बोटी बघणं. कालवा ऐकून तोही मागे आला होता. त्याने मथुरेच्या हातून तलंग घेतली, पायाला धरून नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत. आणि माडाकडे न जाता तो सरळ पुढच्या पडवीत गेला.

मथुरेला वाटलं, बसतील थोडा वेळ कुरवाळत, मग टाकतील. ती पुन्हा काजूपाशी बसली.

तासाभराने ती चहा द्यायला गेली तेव्हा आत्मारामची बोटीवरची पत्र्याची पेटी उघडी होती. सहा वर्षांत ती पेटी उघडलेली तिने पाहिली नव्हती. त्यातून त्याने सुई काढली होती, ती गरम पाण्यात टाकून ठेवली होती, आणि छोट्या कात्रीने तो तलंगेच्या जखमेभोवतीची पिसं एक एक करून कापत होता. मग मिठाच्या कोमट पाण्याने त्याने जखम धुतली. मग पाच टाके घातले. प्रत्येक टाक्याला तो थांबायचा, तलंगेचा श्वास बघायचा आणि म्हणायचा, "झाला, बाय, झाला. अजून एकच."

बाय.

मथुरा चहाचा कप हातात घेऊन दारातच उभी राहिली. रत्नागिरीकडे बाय म्हणजे लाडाची लेक, लाडाची बाई, जिच्याशी बोलताना आवाज आपोआप मऊ होतो ती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून तिला 'ऐकलंस काय' याच्यापुढे एक अक्षर मिळालं नव्हतं. ती इतके दिवस समजत होती की त्याला मऊ बोलता येतच नाही, काही माणसांचा गळाच तसा असतो. आणि इथे एका मरतुकड्या तलंगेला तो बाय म्हणत होता.

तिने कप खाली ठेवला तो जरा आपटूनच. त्याचं लक्ष नव्हतं.

त्या दिवसापासून मथुरेचा जीव ठिकाणावर राहिला नाही. पडवीच्या कोपऱ्यात डालगं पालथं घातलं गेलं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. तिच्यावर आत्मारामचा जुना सदरा, उजेड आणि माश्या नकोत म्हणून. दिवसातून तीनदा हळद आणि खोबरेल. मऊ भात बोटाने चिरडून, गुळाचं पाणी औषधाच्या नळीने चोचीच्या कडेने, थेंब थेंब. घाईने पाजलं तर नाकात जातं, हे त्याला ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं? मथुरेने न राहवून विचारलंच.

"बोटीवर एक पोरगा होता, रतनपूरकडचा," आत्माराम म्हणाला. "इंजिनरूममधी भाजला. बंदर यायला अकरा दिवस होते. मीच पाजायचो त्याला."

झालं, आगीत तेल पडलं. म्हणजे हा माणूस कुठल्या कोण पोराच्या उशाशी अकरा दिवस बसला होता. आणि मथुरेच्या उशाशी? तिला टायफॉइड झाला तेव्हा मुलगी नम्रता दोन वर्षांची होती आणि हा कुठल्याशा आखातात होता. सासरा गेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तिने दीर आणि शेजारी गोळा केले. पावसाळ्यात गडगा कोसळला तो तिने दोन गडी घेऊन स्वतः चिरे उचलत परत रचला. आणि अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीच्या हॉस्पिटलात तिची पिशवी काढली, तेव्हाही ऑपरेशनच्या कागदावर भावाने सही केली. हे ती आल्यागेल्याला सांगायची. "माझ्या ऑपरेशनला माझा नवरा नव्हता," असं सांगताना तिच्या आवाजात दुःखापेक्षा मान वर केल्याचा भास जास्त असायचा. ते तिचं पदक होतं म्हणा ना.

बोटीवाल्यांच्या बायकांची एक गंमत असते. नवरा वर्षातून दोन महिने घरी येतो, तेव्हा त्याला त्या चेष्टेने पाव्हणा म्हणतात. "काय गो, पाव्हणा आला काय?" असं विहिरीवर विचारतात. पाव्हण्याला ताजे मासे, पाव्हण्याला सोफ्यावरची गादी, पाव्हण्याने नुसतं बसायचं आणि खायचं. सगळीकडेच हे चालतं. पण मथुरेकडे ते जरा कडक होतं. आत्मारामने झाडू उचलला तर ती काढून घ्यायची, कोयत्याला हात लावला तर म्हणायची, "ठेवा, लागेल." तिला त्यात प्रेम दिसायचं. दुसरं कोणी करणारं नव्हतं म्हणून तिने सगळं केलं होतं, आणि सगळं केलं होतं म्हणून आता ते दुसऱ्या कोणाला देववत नव्हतं.

शेजारची दमयंती दुसऱ्याच दिवशी येऊन बघून गेली होती. तिच्या नजरेला पडलेली माशीसुद्धा वाडीला ठाऊक होते, मग ही गोष्ट कशी झाकून राहणार?

"मथुरे, सवत आणलीन् गो तुझ्या घोवानं," ती म्हणाली. "आणि लाडाची हो. मला मेलीला माझ्या घोवानं असा कधी भात चिरडून दिलान् नाय."

"लाव मग तुझ्या पाठीला मुंगूस," मथुरा म्हणाली. दमयंती हसत सुटली. मथुरा हसली नाही.

पाचव्या दिवशी तलंग उभी राहिली. सातव्या दिवशी दोन पावलं टाकली. आत्माराम जयगडच्या बाजारात जायचा होता तो गेला नाही, अंगणात उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. मथुरेने त्याला कधी इतका वेळ उकिडवा बसलेला पाहिला नव्हता, त्याचे गुडघे दुखतात म्हणून तीच त्याला तेल चोळायची. आता गुडघे दुखत नव्हते वाटतं. तिने त्या दिवशी तलंगेसाठीचा भात मुद्दाम टणक ठेवला. आत्मारामने तो बघितला, गरम पाण्यात भिजवला आणि भरवला. त्याने एक शब्द जरी रागाचा काढला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी तिने जे केलं ते मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. आत्माराम गुरांच्या डॉक्टरकडून जांभळं औषध आणायला गेला होता. मथुरेने डालगं उचललं. मनाशी म्हणाली, ऊन लागलेलं चांगलं. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं की जखमी कोंबडी इतरांत सोडायची नाही, रक्ताचा लाल ठिपका दिसला की बाकीच्या त्यावर चोच मारतात. तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिने सोडली. आधी कोंबडा आला, मग दोन कोंबड्या आल्या. खपली निघाली, तलंग ओरडली, आणि मथुरा तिथेच उभी होती. किती वेळ? फार नाही. पण जितका वेळ उभी होती तितका वेळ तिला आतून गार गार वाटत होतं. मग एकदम स्वतःची लाज वाटली, तिने काठी घेऊन कोंबड्यांना हाकललं आणि तलंगेला परत डालग्याखाली ढकललं.

आत्माराम आला, त्याने सदरा बाजूला करून पाहिलं. उखडलेली खपली पाहिली. अंगणातली विखुरलेली पिसं पाहिली. मग त्याने मथुरेकडे पाहिलं, आणि ती नजर रागाची नव्हती, हेच तिला जास्त लागलं. बाटली उघडून तो पुन्हा पहिल्यापासून धुवायला बसला. "सोस थोडा, बाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मथुरा आजारी पडली. म्हणजे पडली नाही, निजली. कंबर धरली म्हणाली आणि सकाळी नऊ वाजता मधल्या खोलीतल्या खाटेवर पांघरूण घेऊन आडवी झाली. दिवसाढवळ्या आडवं होण्याची तिची ही पहिलीच वेळ असेल. कान मात्र पडवीकडे होते. आता येतील, तिला वाटत होतं. तेलाची वाटी घेऊन येतील. उशाशी बसतील. बाय म्हणणार नाहीत, तेवढी तिची अपेक्षाही नव्हती, पण कुठे दुखतं एवढं तरी विचारतील.

आत्माराम आला. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. आत पाऊल घातलं नाही.

"कंबर?"

"हो."

"दमयंतीला बोलावू?"

"कशाला?"

तो निघून गेला. पाच मिनिटांनी दमयंती आली, तिने कमरेला बाम चोळला आणि चोळता चोळता गावातल्या दोन लग्नांची बातमी दिली. मथुरेचे डोळे भरून आले. दमयंतीला वाटलं कमरेनेच.

दमयंती गेली तसा पडवीतून आवाज आला, "ये, बाय, ये. अशी ये माझ्यापाशी." मथुरा उठली. पांघरूण तिथेच टाकून, कंबर दुखते हे विसरून, ताडताड बाहेर गेली. तलंग आत्मारामच्या पायावर उभी होती आणि त्याच्या तळहातावरचा भात टिपत होती.

"मी कोंबडी असते तर बरा झाला असता," मथुरा म्हणाली.

आत्मारामने वर पाहिलं.

"हिची पाठ दिसते तुम्हाला. माझी नाय दिसत. त्या बोटीवरच्या पोराचा अंग दिसला. माझ्यापाशी यायचा म्हणजे दमयंतीला धाडता. मी काय महारोगी हाय?" तिचा आवाज चढत होता आणि तिला तो आवरायचा नव्हता. "आयुष्यभर मी वाट बघितली. तुम्ही याल, बसाल. टायफॉइडमधी बघितली, ऑपरेशनला बघितली. आणि तुमच्याकडे होता सगळा, मऊ बोलणं, मऊ हात. कोंबडीला द्यायला होता."

आत्मारामने हात झटकला नाही, तलंगेला भात संपवू दिला. मग म्हणाला, "ऑपरेशनला आलेलो मी."

"बाराव्या दिवशी."

"बाराव्या दिवशी. कप्तानाच्या पाया पडून, मधल्या बंदरावर उतरून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज ठेवली चुलीवर, तुझ्यासाठी. तू टाके धरून उठलीस आणि माझ्या हातातली पळी काढून घेतलीस. काय बोललीस आठवता?"

मथुरेला आठवत नव्हतं. ती तसं म्हणणार होती, आणि तेवढ्यात आठवलं.

"पाव्हण्यांनी चुलीपाशी येऊ नये, बोललीस," आत्माराम म्हणाला. "दमयंती होती, ती हसली. मी पण हसलो. काय करणार? मग तू उभ्या उभ्या पेज केलीस, मलाच वाढलीस."

अंगणात ऊन चढलं होतं. खाडीतून एका मालाच्या बोटीचा भोंगा ऐकू आला, पण नेहमीसारखी त्याने मान वळवली नाही.

"सहा वर्सं झाली मला येऊन," तो म्हणाला. "माडाला पाणी घातला, तू बोललीस आळ्यात पडत नाय. काजू वेचले, तू परत वेचलेस. खाटेवर बसलो तर चादर सारखी करतस, मी उठायच्या आधी. तुला बरा नाय म्हणून आज आलो दारापर्यंत. पुढं कसा यायचा ते मला कळत नाय गो. घर तुझा हाय, मथुरा." त्याने तलंगेच्या पाठीवरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "या घरातली एक वस्तू तू टाकलीस. म्हणून ती मला मिळाली."

एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. आणि तिचं नाव त्याच्या तोंडून आलं होतं, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. त्या क्षणी ती नुसती चिडली. खरं बोलणाऱ्याचा राग येतो तसा आला. तिला सांगायचं होतं की मी सगळं केलं ते हौस म्हणून नाही, तुम्ही नव्हता म्हणून. ते खरंही होतं. पण तो आल्यानंतरची सहा वर्षं त्यात कुठे बसवायची ते तिला सुचेना. वर त्या तलंगेने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, तिचंच काहीतरी चुकलं आहे अशा नजरेने.

मथुरा आत गेली. खाटेवर पडली, भिंतीकडे तोंड करून. जळत होतं ते थांबलं नव्हतं, फक्त आता कोणावर जळायचं ते कळत नव्हतं. बराच वेळ गेला. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती मोठ्याने म्हणाली, "सकाळपासून पोटात काय नाय माझ्या. पेज टाका थोडी."

पडवीत खुर्ची सरकली.

पावलं मधल्या खोलीवरून स्वयंपाकघराकडे गेली. मागोमाग फरशीवर नखांचा टकटक आवाज गेला. मथुरेच्या स्वयंपाकघरात आजवर एक कोंबडी शिरलेली नव्हती. तिने खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पातेलं निघालं, चुकीचं, दुधाचं. तांदूळ धुतल्याचं पाणी मोरीत न जाता कुठेतरी सांडलं. गॅस मोठा लागला, फार मोठा. ती तिचीच भांडी होती आणि दुसऱ्याच्या हातात ती कशी वाजतात हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. कोंबडीवर जळली नव्हती इतकी ती त्या घटकेला त्या पातेल्यावर जळली. पण उठली नाही.

एक गोष्ट मात्र त्याला विचारावीच लागेल, हे तिला माहीत होतं. मीठ. मिठाची बरणी तिने वरच्या फळीवर, चहाच्या डब्याच्या मागे, पापडांच्या डब्याला चिकटून ठेवलेली असायची. नम्रता माहेरी आली तरी तिला सापडायची नाही, दरवेळी हाक मारायची. मथुरा हाकेची वाट बघत पडून राहिली. विचारलं की उठायचं, एवढं निमित्त पुरे होतं.

हाक आली नाही. फळीवरचा चहाचा डबा सरकल्याचा आवाज आला, आणि मग बरणीचं झाकण उघडल्याचा.